ऑनोरेची तांबडी

ऑनोरे गेला तेव्हा त्याच्या मागे एक बायको, एक धाकटा भाऊ, टेकडीवरची थोडी द्राक्षबाग आणि वाइन आणायचा दहा लिटरचा प्लास्टिकचा कॅन राहिला. बागेचं काय करायचं ते भावाने ठरवलं. बायकोने कसं राहायचं ते गावाने ठरवलं. कॅनकडे कुणी पाहिलं नाही.

काब्रोल गावात वाइन आणणं हे पुरुषाचं काम आहे. बाईने ससा शिजवावा, सूप करावं, ग्लास धुवावेत. सोसायटीत जाऊन पंपावर कॅन भरून आणायचा तो नवऱ्याने, आणि नवरा नसेल तर दिराने. दफन उरकून आठवडा होतो न होतो तोच मार्सलें भरलेला कॅन घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, वाइनची चिंता करायची नाही. मी बसलोय ना." आर्मांदला इतर पुष्कळ चिंता होत्या, त्यांच्याबद्दल तो काही बोलला नाही.

मार्सलें द्राक्ष उत्पादकांच्या सोसायटीचा संचालक होता. दर निवडणुकीत तो बिनविरोध यायचा, कारण त्याच्या विरोधात उभं राहायचं म्हणजे त्याची भाषणं ऐकणं आलं. गावातल्या सगळ्या बागांची द्राक्षं सोसायटीत जातात, तिथे त्यांची मिसळून तांबडी वाइन होते, आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांत बाटल्या जायच्या आधी गावकरी पंपावरून आपापले कॅन भरून नेतात. लिटरला चार-पाच फ्रँक, म्हणजे पावापेक्षा थोडी महाग आणि डॉक्टरपेक्षा पुष्कळ स्वस्त. ऑनोरेने जन्मभर तीच आणली. आता मार्सलें तीच आणत होता.

पण ती तीच नव्हती. आर्मांदला पहिल्या घोटातच ते कळलं. घोट तुरट लागला, जीभ कोरडी पडली आणि हिरड्या आवळल्यासारख्या झाल्या. तिने दिराला विचारलं तर तो म्हणाला, त्याच पंपाची आहे. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "बाई, दुःखाने तोंडाची चव जाते. येईल हळूहळू." आर्मांदने घरी येऊन ते तपासून पाहिलं. कोंबडी कोंबडीसारखी लागत होती. बकरीच्या दुधाचं चीज नेहमीसारखंच होतं. जावेने पाठवलेला केक नेहमीइतकाच वाईट होता. म्हणजे जिभेला काही झालेलं नव्हतं.

वर्ष सरत आलं. वर्षाचा मिस्सा, म्हणजे गेलेल्यासाठी चर्चमध्ये करतात ती प्रार्थना, व्हायचा होता, आणि मिस्सा झाला की नातेवाईक घरी जेवायला येणार होते. वर्षभरात तिने ऑनोरेचं एकेक करून सगळं देऊन टाकलं होतं. कोट चर्चला गेला, बूट चुलतभावाला, बंदूक मार्सलेंला, आणि त्याची टोपी कुत्र्याने परस्पर नेली. ऑनोरेचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं, की रविवारी दुपारी त्याने जग टेबलावर ठेवला की जी वाइन यायची ती चव. ती चव तिला त्या दिवशी टेबलावर हवी होती. ती सापडली नाही तर माणूस पुरता गेला असं तिला वाटत होतं, आणि तसं वाटणं वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं, पण त्याने वाटणं काही कमी होत नव्हतं.

"पदकवाल्या बाटल्या आणतो मी," मार्सलें म्हणाला. "माँपेलिएच्या प्रदर्शनात रौप्यपदक. ऑनोरेच्या नावाला शोभेल."

"नको भावजी. यांची रोजचीच हवी."

"तीच तर आणतोय वर्षभर."

"ती ही नव्हे."

"वहिनी, तो एक नंबरच्या पंपाची प्यायचा, मी एक नंबरच्या पंपाची पितो. रविवारी तुमच्याकडे जेवायला येऊन काय शेजारच्याची प्यायचो का? आता तुम्ही पडलात मुलेरच्या. काही झालं तरी जीभ तिकडची. मी काही बोलत नाही."

मार्सलें काही बोलत नाही असं म्हणायचा तेव्हा त्याचं सगळं बोलून झालेलं असायचं.

मुलेर हे आर्मांदचं माहेर. नदीच्या पलीकडे, पुलावरून गेलं तर ऐन डोळ्यासमोर. तिच्या लहानपणी एका उन्हाळ्यात काब्रोलवर गारांचा ढग आला. काब्रोलवाल्यांनी रीतीप्रमाणे गारा फुटाव्यात म्हणून ढगावर रॉकेटं सोडली, ढग वळला आणि मुलेरच्या बागांवर जाऊन रिकामा झाला. तो वाऱ्याने वळला असं काब्रोलचं म्हणणं. नेम धरून वळवला असं मुलेरचं. तेव्हापासून दोन्ही गावं एकमेकांना पाण्यात पाहतात आणि एकमेकांच्या वाइनला पाण्याहून खालची समजतात. काब्रोलचा माणूस पॅरिसला जाईल, तुरुंगात जाईल, पण मुलेरच्या सोसायटीत वाइन घ्यायला जाणार नाही.

अशा गावात ती लग्न करून आली, आणि पहिल्या हिवाळ्यात सासरच्या टेबलावर पाणी प्यायली. तिच्या वडिलांकडची वाइन मऊ, पिकलेल्या फळाच्या चवीची असायची. इथली म्हणजे खडकाळ टेकडीवरच्या कारिन्यां जातीच्या म्हाताऱ्या वेलींची, घोट घेतला की बोलणं बंद व्हावं अशी. "पाणी बेडकं पितात," सासरे म्हणाले होते. सासूबाई काही म्हणाल्या नव्हत्या, त्यांनी नुसता पाण्याचा जग तिच्यासमोरून उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता. ऑनोरे मान खाली घालून जेवत राहिला होता. त्याचं तिला तेव्हा फार लागलं होतं.

मग ईस्टरच्या सुमाराला कधीतरी तिने घोट घेतला आणि तो गोड लागला. दुसराही लागला. "पडली सवय," सासूबाई म्हणाल्या. काब्रोलची तांबडी मुलेरच्या पोरींनासुद्धा माणसात आणते, असं मार्सलें तेव्हापासून गावातल्या प्रत्येक लग्नात सांगत आला. आर्मांदलाही वाटायचं, पडली सवय. तिला त्याचा थोडा अभिमानही होता. परक्या घरात आपण जीभ बदलली, बाकीच्या बायकांना हे जमत नाही, असं ती मनातल्या मनात म्हणायची.

मिस्सा दोन दिवसांवर आला तेव्हा तिने ऑनोरेचा कॅन शोधून धुतला आणि त्याच्या जुन्या व्हॅनमधून सोसायटीत गेली.

दाराशी बाकावर दोन म्हातारे बसलेले होते. बाई एकटी कॅन घेऊन येताना पाहून त्यांचं बोलणं थांबलं. आत काउंटरला गिस्लेन होती. ती आर्मांदच्या मोठ्या मुलीएवढी होती, आर्मांदला मुलगी असती तर.

"काकू, तुम्ही? मार्सलेंकाका आजारी आहेत का?"

"ते ठणठणीत आहेत. मला चाखून घ्यायचीय."

"चाखून?" गिस्लेनने बाहेरच्या बाकाकडे पाहिलं, बाकाने गिस्लेनकडे पाहिलं. मग तिने ग्लास काढला, पुसला, आणि थुंकायची बादली पुढे सरकवली.

"ती ने बाई तिकडे. मी घरी थुंकत नाही, इथेही नाही थुंकणार."

एक नंबरच्या पंपाची आली. जीभ कोरडी. "ही मार्सलेंभावजी आणतात ती."

दोन नंबरची आली. तिच्यात सिरा द्राक्षं जास्त होती, रंग काळसर, वासाला मिरी. "ही पाहुण्यांची. पुढची."

तीन नंबरची गुलाबीकडे झुकणारी होती. आर्मांदने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला आणि तिच्याबद्दल काही बोलली नाही. मग गिस्लेनने पदकवाली बाटली उघडली. आर्मांदने ती दोनदा चाखली, कारण उघडलेली बाटली वाया जाऊ नये.

"कशी आहे काकू?"

"हिला पदक मिळालंय हे हिला माहीत आहे," आर्मांद म्हणाली. "रोज जेवायला बसायचं हिच्याबरोबर म्हणजे कठीण."

बाकावरचा एक म्हातारा हसला आणि दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. आर्मांदचे कान गरम झाले होते, तिला बसायला हवं होतं, पण बसली तर बाईमाणसाला चढली असं संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. ती काउंटर धरून उभी राहिली. सोसायटीत होत्या तेवढ्या तांबड्या संपल्या होत्या आणि ऑनोरेची त्यांत नव्हती. आता मात्र तिला रडू यायला लागलं.

"यांच्या हयातीत वेगळी होती का गं? मिश्रण बदललं का तुम्ही?"

"नाही हो काकू. दरवर्षी उन्नीस-बीस होतं, पण एक नंबरची एक नंबरचीच. ऑनोरेकाका दर शुक्रवारी यायचे, एक नंबरची पाच लिटर."

"दहा."

"पाच. मीच पंप धरायचे ना. कॅन दहाचा, पण घ्यायचे पाच. म्हणायचे, पाठ धरते, भरलेला उचलवत नाही."

आर्मांदने डोळे पुसले. ऑनोरेची पाठ तिला ठाऊक होती. ती चांगली सरळ आणि आळशी पाठ होती. शुक्रवारी दुपारी व्हॅन दारात आली की कॅन उतरवायच्या नेमक्या वेळेला त्याला आभाळात काहीतरी बघायचं असायचं, आणि कॅन तीच तळघरात न्यायची. तो कॅन गळ्यापर्यंत भरलेला असायचा. तिच्या हातांना तो चांगला ठाऊक होता.

"मग उरलेला कुठे भरायचे?" तिने विचारलं.

गिस्लेन पुसलेला काउंटर पुन्हा पुसायला लागली. बाकावरचे दोघे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. काब्रोलमध्ये कुणाच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण या एका तिळाची तिघांनाही भीती वाटत असावी. सोसायटीच्या दारातून निघालेला रस्ता दोनच ठिकाणी जातो, एक तिच्या घरी आणि एक पुलाकडे.

"पाच लिटर भर, एक नंबरची," आर्मांद म्हणाली.

"पाचच? का काकू?"

"पाठ धरते."

पूल ओलांडून ती दरवर्षी एकदाच जायची, नोव्हेंबरात, आईवडिलांच्या कबरींवर शेवंती ठेवायला. मुलेरच्या सोसायटीच्या दारात ती लग्नानंतर कधी गेली नव्हती. पंपापाशी बार्नाबे होता. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसून तिची वेणी शाईत बुडवायचा. आता त्याला स्वतःला बुडवायला केस राहिले नव्हते.

त्याने आधी कॅन पाहिला आणि मग तिला. "आलीस," तो म्हणाला. "वर्ष लावलंस."

"तुला काय माहीत मी येणार ते?"

"कॅन येणार हे माहीत होतं. कोण घेऊन येईल ते माहीत नव्हतं." त्याने झाकण काढून वास घेतला आणि नाक मुरडलं. "तीच. शी! घे, आमची चाख आधी, तोंड धुऊन निघेल."

तिने चाखली. मऊ होती, वडिलांच्या टेबलावरची. तीही ऑनोरेची नव्हती, पण आता तिला घोडं कुठे पेंड खातंय ते कळायला लागलं होतं.

"किती वर्षं यायचे?"

"मी पंपावर लागलो त्याच्या आधीपासून. माझा बाप होता तेव्हा. पहिल्यांदा आला तेव्हा म्हणे नारबोनचा व्यापारी आहे असं सांगितलं. व्यापारी, आणि पायात काब्रोलच्या लाल मातीचे बूट! बाप म्हणाला, घेऊ दे, पैसे तर नारबोनचेच आहेत. मग सगळ्या गावाला कळलं. कुणी बोललं नाही."

"का नाही बोललात?"

"बोलायचं काय? आमची वाइन काब्रोलच्या वाइनमध्ये ओततात म्हणून? आम्हालाही अब्रू आहे आर्मांद." त्याने पंपाची नळी कॅनमध्ये घातली. "मी एकदा भांडलो त्याच्याशी. म्हटलं, अहो, एक तर ही प्या नाहीतर ती प्या, चांगल्या वस्तूची माती का करता? तर म्हणाला, घरात एक जण हिच्याशिवाय पीत नाही आणि बाकीचे तिच्याशिवाय पीत नाहीत. म्हटलं, मग बायकोला सांगून टाका, खूश होईल. तर म्हणाला, नको. तिला वाटतंय तिला सवय पडली. वाटू दे."

कॅन गळ्यापर्यंत भरला. बार्नाबेने झाकण आवळून लावलं. आर्मांदने पैसे दिले, त्याने घेतले.

"हलवायला लागेल का?" तिने विचारलं.

"पुलापलीकडचा रस्ता तुमचा आहे ना? आपोआप मिसळते. तो म्हणायचा, काब्रोलच्या पंचायतीने रस्ता दुरुस्त केला तर माझी पंचाईत होईल."

घरी आल्यावर कॅन तिने स्वतःच उतरवला. ग्लासभर काढली, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एक घोट घेतला, आणि होती. तीच होती. आधी खडक, मागून फळ. रविवारची दुपार, जग, ऑनोरेचा ग्लास पुसायचा फडका, सगळं होतं. दफनाच्या दिवशी पन्नास माणसांचं जेवण करायचं होतं म्हणून तिला रडायला सवड झाली नव्हती. आता ती खुर्चीत बसली आणि पोटभर रडली.

रडून झाल्यावर तिला राग आला. तिला कधीच सवय पडली नव्हती. जीभ तिने बदलली नव्हती, कुणीतरी दर शुक्रवारी नदी ओलांडून ती जशी होती तशी सांभाळली होती. मान खाली घालून जेवणारा माणूस तो, सासूबाईंनी पाण्याचा जग उचलला तेव्हा एक शब्द बोलला नाही म्हणून तिने मनात त्याच्यावर अढी धरली होती, ती बरीच वर्षं सोडली नव्हती. आणि तो मूग गिळून कॅन भरत होता. "मेल्या, सांगायचं तरी," ती त्याच्या खुर्चीला म्हणाली. "आभार मानले असते. एकदा तरी मानले असते." खुर्चीने ताकास तूर लागू दिली नाही. ऑनोरेचीच खुर्ची ती.

मिस्साच्या दिवशी मार्सलें पदकवाल्या बाटल्या घेऊन आलाच. आर्मांदने त्या थँक्यू म्हणून कपाटात ठेवल्या आणि टेबलावर जग ठेवला. सूप झालं. ताटलीच्या तळाशी थोडं उरलं तेव्हा मार्सलेंने रीतीप्रमाणे त्यात जगातली तांबडी ओतली, ताटली दोन्ही हातांनी उचलली आणि ओठाला लावून एका दमात संपवली. मग त्याने डोळे मिटले. टेबलावरचे सगळे थांबले.

"हीच," तो म्हणाला. "ही माझ्या भावाची वाइन." त्याने मिशा पुसल्या. "आली ना जीभ ठिकाणावर, वहिनी? मी म्हणत नव्हतो? याला म्हणतात काब्रोलची माती! जन्मभर रविवारी या टेबलावर हीच प्यालो मी. सोसायटीत मी पोरांना सांगतो, एक नंबर कशी असते ते कळायचं असेल तर ऑनोरेच्या घरी जाऊन प्या. घरी उतरवली की ती निवते. मुलेरवाल्यांनी शंभर वर्षं डोकं आपटलं तरी..."

आर्मांदला गप्प बसता आलं असतं. ऑनोरे बसलाच असता, मान खाली घालून. पण गप्प बसण्याने या घरात काय होतं ते तिला परवाच कळलं होतं. कोण कुणासाठी काय करतं ते माणूस गेल्यावर पंपावरच्या माणसाकडून ऐकायला लागतं. तिने ससा वाढता वाढता पळी खाली ठेवली.

"भावजी, यातली अर्धी मुलेरची आहे."

जावेने क्रूसाची खूण केली. मार्सलेंचं तोंड उघडंच राहिलं, पण त्यातून भाषण आलं नाही.

"तुम्ही मिसळलीत?"

"या वेळी मी मिसळली. एरवी हे मिसळायचे. पाच इथून, पाच तिथून."

"ऑनोरे? मुलेरला जायचा?"

"दर शुक्रवारी."

"कधीपासून?"

"मी पाणी प्यायचं सोडलं तेव्हापासून."

मार्सलेंने ग्लासाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एकेक रविवार मागे मागे जाताना दिसत होता. आता तो ओरडेल, उठून जाईल, सोसायटीची बैठक बोलावेल असं सगळ्यांना वाटलं. पण त्याचे डोळे भरले, आणि तो टेबलावरच्या पावाच्या चुऱ्याएवढ्या आवाजात बोलला.

"मला सांगितलं नाही त्याने."

"मलाही नाही," आर्मांद म्हणाली.

ससा निवत होता. शेवटी मार्सलेंने नाक शिंकरलं, रुमालाची व्यवस्थित घडी केली, आणि रिकामा ग्लास तिच्यापुढे धरला.

"ओता," तो म्हणाला. "पण आमच्या अर्ध्यातली."

आर्मांदने जग उचलला आणि त्याचा ग्लास काठोकाठ भरला.